उन्हाला नांगर नसतो

पुण्यात शांतता मिळत नाही, ही तक्रार मी शनिवार पेठेतल्या आमच्या ओसरीवरून गेली तीस वर्षे करत आलो आहे. ती ऐकून कंटाळलेल्या मावसभावाने गेल्या जानेवारीत मला पानशेतच्या जलाशयात नांगरलेल्या आपल्या शिडाच्या होडीवर मुक्कामाला नेले. सात मीटरची ही होडी त्याने सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः बांधली असून तिच्या परवानग्यांची फाईल तिच्या नांगराइतकीच जड आहे. आईला हा बेत मुळीच रुचला नव्हता. १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटून पानशेतचे पाणी आमच्या घरात शिरले होते, आणि "ते एकदा आले तेवढे पुरे, तू परतभेटीला जायला नको," असे तिचे म्हणणे होते.

पहाटे जाग आली ती नाकावर पडलेल्या थेंबाने. बंद केबिनमध्ये दोन माणसे रात्रभर श्वास सोडतात आणि तो दमट श्वास थंडगार छताला लागून पाणी होतो. ते पाणी माझ्याच नाकाच्या शेंड्यावर का यावे, हे मात्र शास्त्र सांगत नाही. "दादा, झडप उघडी ठेवायला हवी होती," असे म्हणत भावाने ती उघडली. थेंब थांबले, आणि डोंगरउतारांवरून घसरून पाण्यावर साचलेली सगळी थंडी आत आली. शांतता तर अशी, की शीड चढवण्याचा एक सैल दोर डोलकाठीवर टण टण आपटत होता, ते ठोके मी चारशे अकरापर्यंत मोजले. पेठेत ढोलताशांच्या सरावात मला गाढ झोप लागते.

उजाडल्यावर भावाने नांगराची राखण माझ्यावर सोपवली. किनाऱ्यावरची बाभूळ आणि तिच्यामागचे देऊळ एका रेषेत दिसत राहिले पाहिजे, रेषा मोडली तर नांगर घसरला असे समजायचे. मी घोंगडी पांघरून डोळे लावून बसलो, आणि ते लागलेच. उघडून पाहतो तो देऊळ बाभळीला सोडून दूर गेलेले! माझ्या आरोळीने भाऊ कणकेच्या हातांनी वर आला आणि शांतपणे म्हणाला, "अरे दादा, होडी नुसती फिरली आहे." पाणी जेमतेम सहा मीटर, पण दोर सोडलेला तीस मीटर, कारण ओढ आडवी बसली तरच नांगर तळात रुततो; उभी बसली तर उपटून येतो. एवढ्या दोरावर होडी वाऱ्याकडे तोंड करून गोल हिंडत राहते. सहा मीटरला तीस मीटर, ही उधळपट्टी मला अजून पटलेली नाही.

या हिंडण्याचा खरा जाच उन्हाला झाला. मी मागच्या बाकावर ऊन पाहून बसावे, पाठ जरा शेकू लागावी, तोच वाऱ्याची झुळूक बदलावी आणि केबिनची सावली अंगावर यावी. कुशी बदलावी तशी मी दुपारपर्यंत अकरा वेळा जागा बदलली. शेवटी विचारले, "तुझ्याकडे दुसरा नांगर आहे ना? तो मागच्या बाजूने टाक, म्हणजे होडी एका जागी राहील."

"टाकतो की," चहा गाळत तो म्हणाला, "पण दादा, ऊन तरीही फिरणारच ना?"