आशेची गाणी म्हणजे नुसती साखरपेरणी?

तुमची प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. अंधाऱ्या काळातल्या आशेच्या आणि मैत्रीच्या गाण्यांवरच्या माझ्या लेखाला तुमचे तीन आक्षेप आहेत. असे शब्द म्हणजे साखरपेरणी; खरी किमया चालीची, शब्द नुसते तोंडी लावायला; आणि अशी गाणी माणसाला लढायचं सोडून गप्प बसायला शिकवतात.

पहिल्या आक्षेपाशी मी निम्मा सहमत आहे. 'सगळं ठीक होईल' हे दर कडव्यात घोकणारी गाणी मलाही सोसत नाहीत. पण काळोखात जी खरोखर टिकली, त्यांचे शब्द एकदा चालीशिवाय वाचून बघा.

जर्मनीतल्या ब्योर्गरमूर छळछावणीतलं दलदलीच्या सैनिकांचं गाणं घ्या. साल १९३३. राजकीय कैदी दिवसभर फावड्यांनी दलदल खणत. त्यांच्यातल्याच योहान एसर या खाणकामगाराने आणि वोल्फगांग लांगहोफ या नटाने शब्द लिहिले, रूडी गोगुएल या आणखी एका कैद्याने चाल लावली. गाण्याची कडवी सहा, आणि पहिल्या पाचांत आशा औषधालाही नाही. उजाड माळ, पाखरांच्या गाण्यानेही न रमणारं मन, घरची ओढ, फेऱ्या मारणारे पहारेकरी, चौपदरी कुंपण, पळालात तर मरण. शेवटच्या कडव्यात मात्र, रडत बसायचं नाही, हिवाळा काही कायमचा नसतो, असं येतं. आणि इतका वेळ 'आम्ही फावडी घेऊन दलदलीत निघालो' म्हणणारं ध्रुवपद तिथे फिरतं: आता फावडी घेऊन जायचं नाही.

चाल सहाही कडव्यांना एकच आहे. बदलतात ते शब्द. पहिली पाच कडवी गाळून फक्त सहावं गायलं, तर तुम्ही म्हणता तशी साखरच उरेल, हे मान्य. पण कैद्यांनी ती गाळली नव्हती.

पुढची हकिगत गोगुएलने सांगून ठेवली आहे. २७ ऑगस्टला कैद्यांनी हे गाणं छावणीतच सादर केलं, तेव्हा पहारेकरीसुद्धा ध्रुवपदात सूर मिसळू लागले. शेवटच्या ओळीला सोळा गायकांनी फावडी वाळूत रोवली आणि ती तिथेच सोडून ते चालते झाले. दोन दिवसांनी गाण्यावर बंदी आली. चाल तर पहारेकऱ्यांनाही आवडली होती. खटकलं असेल ते त्या शेवटच्या ओळीत जे होतं तेच. गप्प बसायला शिकवणाऱ्या गाण्यावर बंदी कशाला घालतील?

मैत्रीच्या गाण्यांचं थोडं वेगळं असतं. तिथे उद्याबद्दल वचन नसतंच, असलं तर सोबतीचं. बिल विदर्स या अमेरिकन गायकाचं १९७२चं 'लीन ऑन मी' इतक्या साध्या शब्दांत आहे की तुम्ही त्याला बाळबोध म्हणाल. कोळसाखाणींच्या मुलखात वाढलेला हा माणूस. गाणारा मित्राला म्हणतो, माझ्यावर भार टाक. आणि लगेच पुढे म्हणतो, थोड्याच दिवसांत मलाही कुणाचा तरी आधार लागणार आहे. म्हणजे हा उपकार नाही, उसनवारी आहे. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. मला विचाराल तर सगळं गाणं त्या एका ओळीवर उभं आहे, आणि नेमकी तीच ओळ ऐकताना निसटते.

आता लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल संघाच्या चाहत्यांचं 'यू विल नेव्हर वॉक अलोन'. स्टेडियममध्ये बेंबीच्या देठापासून ओरडताना शब्दांकडे कोण बघतो, असं तुम्ही विचारलंत. एरवी बघत नसतीलही. हे गाणं मूळचं १९४५च्या 'कॅरोसेल' या संगीतनाटकातलं, शब्द ऑस्कर हॅमरस्टाइनचे. तिथे ते नुकताच नवरा गमावलेल्या बाईला ऐकवलं जातं. तो परत येईल किंवा वादळ टळेल असं त्यात कुणी म्हणत नाही. वादळातून चालत राहा, एवढंच. १९८९मध्ये हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूलच्या सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीने ९७ जणांचा जीव घेतला, आणि ठपका ठेवला गेला तो चाहत्यांवरच. मृतांचे नातेवाईक २७ वर्षं झगडले. एप्रिल २०१६मध्ये ज्यूरीने चाहत्यांना दोषमुक्त केलं, तेव्हा न्यायालयाबाहेर त्यांनी हेच गाणं म्हटलं. ती लढाई गाण्याने जिंकली असं मी म्हणणार नाही. ती कागदपत्रांनी, साक्षींनी आणि हट्टाने जिंकली. पण इतकी वर्षं हे गाणं गाणारी माणसं गप्प बसली नाहीत, हेही खरंच ना?

सत्ताधारीसुद्धा आशेची गाणी लिहवून घेतात, हा तुमचा मुद्दा मात्र बिनतोड आहे. अशी गाणी ओळखायची माझी खूण अशी: त्यांत उजेडाचं वर्णन भरपूर असतं, अंधाराचा तपशील मात्र कुठेच नसतो. दलदल नाही, कुंपण नाही, मेलेला नवरा नाही. तुम्हाला पोकळ वाटलेली गाणी कोणती, ते नावानिशी लिहा. त्यातली बरीचशी माझ्याही नावडत्या यादीत निघतील, आणि उरलेल्यांवर आपण पुन्हा भांडू.