चिकटलेलं पान

गेल्या महिन्यात भाचीने मला रंगेहाथ पकडलं.

रोज रात्री तिला ई. बी. व्हाइटचं ‘शार्लट्स वेब’ हे मुलांचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवत होते. म्हणजे डोळे इंग्रजी पानावर आणि तोंडात मराठी, असा कारभार. पहिल्याच रात्री गाडी अडली. शार्लट ही मादी कोळी. मराठीत कोळी म्हणजे ‘तो’, आणि ‘कोळीण’ म्हणावं तर जाळं तेच राहतं पण त्यात मासे येतात! आठ वर्षांच्या बाईंनी तोडगा काढला, “नुसतं शार्लट म्हण ना.” तिथून पुढे सुरळीत.

मग शेवटून दुसरं प्रकरण आलं. जत्रा संपलीये, माणसं निघून गेलीयेत, मैदान रिकामं झालंय आणि अंडी घालून थकलेली शार्लट तिथे एकटीच मरते. मला ते आधीच माहीत होतं. रात्रीचे साडेनऊ वाजलेले, सकाळी शाळा, शिवाय झोपायच्या आधी रडारड नको म्हणून ताईने बजावलेलं. मी दोन पानं एकदम उलटली आणि आवाजात फरक पडू न देता पुढचं सुरू केलं. ती उशीवरून उठली, पान चिमटीत धरून चोळून पाहिलं आणि म्हणाली, “मावशी, एक पान चिकटलंय.”

चिकटलं नव्हतंच. पण पकडले गेले होते, त्यामुळे मागे जाऊन वाचलं. ती रडली, मीही रडले. (स्वतः व्हाइटने या पुस्तकाचं ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तोही याच ओळींपाशी पुन्हा पुन्हा अडखळला होता म्हणतात. तिथे माझा काय पाड!) ताई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. कशी, ते लिहीत नाही.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय की मुलं आणि प्राणी यांच्यावरच्या पुस्तकांत आपण मोठी माणसं इतकी लुडबुड का करतो?

दुकानात चक्कर मारा. अस्वल शर्ट घालून रांगेत उभं राहतं. ससा ‘सॉरी’ म्हणायला शिकतो. हत्तीचं पिल्लू खाऊ वाटून खातं. यातला एकही प्राणी प्राणी नाही. ही आपलीच मुलं आहेत, शेपटी लावलेली. आणि ज्या कामासाठी शेपटी लावली तेही धड होत नाही, असं दिसतंय. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एक गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात माणसं होती, काहींच्या पुस्तकात माणसांसारखे वागणारे प्राणी, म्हणजे रॅकून वगैरे. मग मुलांना स्वतःचे स्टिकर दुसऱ्यांना द्यायला सांगितलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी आधीपेक्षा जास्त दिले. प्राण्यांची गोष्ट ऐकलेल्यांचा हात काही सैल झाला नाही. एका प्रयोगावरून मी निकाल देणार नाही, पण मला नवल वाटलं नाही. रॅकूनने पँट घातली म्हणून आपण आपले स्टिकर का द्यावेत, असं त्या पोरांना वाटलं असेल तर माझी त्यांना सहानुभूती आहे.

प्राणी बोलला याला माझी हरकत नाही. तो कशाबद्दल बोलतो, ते मी बघते. शार्लटही बोलते, पण माश्यांचं रक्त पिते आणि त्याबद्दल तिला काडीची लाज नाही. विल्बर डुकराची काळजी काय, तर थंडी आली की आपल्याला कापणार. ही अस्सल डुकराची काळजी आहे. व्हाइटने स्वतः कापण्यासाठीच एक डुक्कर पाळलं होतं. ते आजारी पडलं तेव्हा त्याने रात्रंदिवस त्याची शुश्रूषा केली आणि ते तरीही मेलं. त्यावर त्याने १९४८ मध्ये लेख लिहिला आणि हे पुस्तक आलं १९५२ मध्ये. ज्याला आपण मारणारच होतो, त्याला वाचवता आलं नाही म्हणून झुरणारा माणूस! या पेचातून आलेलं पुस्तक आणि ‘मूल्यशिक्षण’ म्हणून बेतलेलं पुस्तक यांत फरक पडणारच.

‘ब्लॅक ब्यूटी’चंही तेच. त्यातला घोडा स्वतःची कहाणी सांगतो, आणि ती आहे तोंडातल्या लोखंडाची, दुखऱ्या खुरांची, बग्गी ऐटदार दिसावी म्हणून मान वर ताणून धरणाऱ्या लगामाची. अ‍ॅना स्युएलने ती मुलांसाठी लिहिलीच नव्हती. घोड्यांशी ज्यांचं रोजचं काम पडतं त्यांच्यासाठी लिहिली होती, तीही अंथरुणाला खिळलेली असताना. पुस्तक १८७७ मध्ये निघालं आणि काही महिन्यांत ती गेली. मुलांनी ते पुस्तक परस्पर पळवलं. बरं केलं.

आता आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असलेली पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट घ्या. पाळण्यात बाळ, शेजारी मुंगूस, साप येतो, मुंगूस सापाचे तुकडे करतं आणि रक्ताळलेल्या तोंडाने धावत आईला भेटायला जातं. तिला वाटतं यानेच बाळाला खाल्लं. हातातली घागर त्याच्यावर आदळते. तात्पर्य: अविचाराने वागू नये. तात्पर्य आईसाठी आहे, मेलं मात्र मुंगूस. मुलांना हे लगेच कळतं. गोष्ट संपल्यावर ती विचाराबिचाराचं काही विचारत नाहीत. विचारतात, “मग त्याला कुठे पुरलं?”

हीच गोष्ट फिरत फिरत युरोपात गेली आणि मुंगसाचा कुत्रा झाला. तेराव्या शतकात फ्रान्समधल्या खेड्यांत लोक या गिनफोर नावाच्या कुत्र्याला चक्क संत मानायला लागले, आजारी मुलांना त्याच्या थडग्यापाशी आणायला लागले. तिथल्या एका धर्मगुरूने ते थडगं उकरून हाडं जाळून टाकल्याचं स्वतःच लिहून ठेवलंय. तात्पर्य धर्मगुरूंकडे राहिलं आणि बायाबापड्यांनी कुत्रा ठेवून घेतला. या भांडणात मी कोणाच्या बाजूने, ते सांगायला नको.

आता कोणी म्हणेल, म्हणजे मुलांना फक्त मरणाची पुस्तकं द्यायची का? मुळीच नाही. प्राणी मारून मुलाला ‘मोठं’ करणाऱ्या पुस्तकांचा मला तितकाच वैताग आहे. दोनशे पानं कुत्रा आणि मुलगा हुंदडतात, मग कुत्रा मरतो आणि मुलगा क्षितिजाकडे बघत शहाणा होतो. कुत्र्याचं मरण म्हणजे परीक्षेचा शेवटचा पेपर. मी तर हल्ली मुखपृष्ठावर कुत्रा आणि सूर्यास्त एकत्र दिसले की पुस्तक खाली ठेवते.

पण मग ‘पाडस’ का पुन्हा पुन्हा वाचावंसं वाटतं? मार्जोरी किनन रॉलिंग्जचं ‘द यर्लिंग’, १९३८ चं, राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं. तिथेही शेवटी हरीण मरतंच, आणि मुलाच्याच हातून. मला वाटतं, फरक कणसांचा आहे. ज्योडीच्या बापाला साप चावतो, विष ओढून घ्यायला तो एका हरिणीला गोळी घालून तिचं यकृत जखमेवर लावतो, आणि तिचं पोरकं पाडस ज्योडी घरी आणतो. ते पाडस वाढतं, पिकात शिरतं, मक्याचे कोवळे कोंब खाऊन टाकतं. मुलगा पुन्हा पेरतो, कुंपण उंच करतो. हरीण त्यावरूनही उडी मारतं, कारण ते हरीण आहे. आणि त्या घरात मका नसेल तर वर्षभर खायला नाही. दुष्ट कोणीच नाही. मरणाचं कारण गोष्टीच्या जमिनीतून उगवतं, लेखिकेने ते वरून टाकलेलं नाही. माया आणि भूक एकाच शेतात उभ्या आहेत, आणि दोघींना पुरेल इतकं पीक नाही.

‘पाडस’ हा शब्द तरी बघा. लेकरू, वासरू, कोकरू, शिंगरू, पाखरू, पिल्लू, पाडस आणि आपलं मूल. मराठीत ही सगळी ‘ते’. तो-ती पुढे कधीतरी. आधी सगळी एका रांगेत, एका लिंगात, दुधासाठी तोंड उघडून. आपल्या भाषेला जे माहीत आहे ते आपल्या चित्रपुस्तकांना का माहीत नसावं? पिल्लाला मुलाच्या रांगेत बसवायला त्याला शर्ट घालावा लागत नाही.

ताईचं म्हणणं अजूनही असं की आठव्या वर्षी हे लवकर आहे. असेलही. चार वर्षांच्या मुलाला मी ‘पाडस’ देणार नाही. पण मी पान उलटलं ते भाचीसाठी नव्हे, हे मला आता कबूल करायला हवं. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, बस.

दुसऱ्या दिवशी शेवटचं प्रकरण वाचलं. शार्लटची पिल्लं फुग्यांसारखी वाऱ्यावर उडून जातात, तिघी मागे राहतात. भाची खूश झाली. दिवा घालवला. पाचेक मिनिटांनी अंधारातून आवाज आला, “मावशी, फर्नला कळलं का?”

फर्न म्हणजे ती मुलगी, जिने पहिल्याच प्रकरणात विल्बरला बापाच्या कुऱ्हाडीपासून वाचवलं. बाटलीने दूध पाजलं, तासन् तास गोठ्यात बसून राहिली. तीच फर्न जत्रेत, विल्बरला बक्षीस मिळत असताना, एका मुलाबरोबर मोठ्या पाळण्यात बसायला पळते. पुढे गोठ्यात येणंही कमी होतं. आधी वाचलं तेव्हा हे माझ्या लक्षातही राहिलं नव्हतं. व्हाइट तिला रागावत नाही, काही समजावत नाही. ती मोठी होते, एवढंच.

“शार्लट मेली ते फर्नला कोणी सांगितलं?”

दिवा लावला. दोघींनी मिळून शेवटची दोन प्रकरणं पुन्हा चाळली, ती चित्रांवरून आणि मी ओळींवरून. मला तरी कुठे सापडलं नाही. तिने पुन्हा एकदा सगळी पानं चिमटीत धरून चोळून पाहिली.