कापूस कोंबलेला परिचय

गणपतीच्या बक्षीस समारंभाला पाहुणे ठरले आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला जिन्यातच म्हणाले, "परिचय तुम्ही लिहा. पण एकदम बॉम्बास्टिक हवा हं!"

त्यांना 'दणदणीत' म्हणायचं होतं. शब्दात बॉम्ब ऐकू येतो ना! पण इंग्रजीत हे कौतुक नव्हे. आवाज नगाऱ्याचा आणि आत पोकळ, अशा बोलण्याला बॉम्बास्टिक म्हणतात. बॉम्बशी त्याचं काही नातं नाही, आणि (पुणेकरांना वाईट वाटेल) बॉम्बेशीही नाही. 'बॉम्बास्ट' म्हणजे मुळात कापूस. १६व्या शतकात इंग्लंडातले पुरुष भरदार दिसण्यासाठी डगल्याच्या अस्तरात तो ठासून भरत. पुढे भाषणातही तशीच भरताड दिसू लागली, तेव्हा तोच शब्द तिला चिकटला. 'फस्टियन' हा अशा भाषणासाठीचा दुसरा इंग्रजी शब्द, तोही एका जाड्याभरड्या कापडाचा! म्हणजे साहेबाची बडबड पिंजाऱ्याकडून निघून कापडाच्या दुकानात शिरते. आपल्याकडे नमनालाच घडाभर तेल जातं.

हे सगळं मी सेक्रेटरींना जिन्यातच समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग शनिवारपर्यंत देताय ना?"

आता कोशात आहे तस्संच द्यायचं, असं मी ठरवलं. पाहुण्यांबद्दल माहिती एका ओळीची होती: ३० वर्षं पाणीपट्टीची बिलं तपासली. मी लिहिलं, "खडकवासल्याचं अमृत पुणेकरांच्या ओंजळीत ओतणारे आधुनिक भगीरथ, आकड्यांच्या अरण्यातले सिंह, थकबाकीच्या तिमिराचा नाश करणारे सहस्ररश्मी..." असा दोन पानं कापूस. वाचताना कुणीतरी खुदकन हसेल आणि सेक्रेटरींना धडा मिळेल, एवढीच माफक आशा.

कुणी हसलं नाही. 'सहस्ररश्मी'ला तर टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या काकूंनी पदर डोळ्यांना लावला. पाहुणे उठले, त्यांना क्षणभर बोलवेना. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "अहो, याची एक प्रत मिळेल का? घरी दाखवायची आहे."

मागून सेक्रेटरींनी माझ्या पाठीवर थाप मारली. "बघा, म्हटलं नव्हतं? बॉम्बास्टिक!"