बोनहोफरच्या नावावर खपवलेली घरमंडळी

दर दोन-तीन महिन्यांनी तोच मजकूर पुन्हा फिरायला लागतो. वर गोल चष्म्यातला डीट्रिख बोनहोफर, खाली ठळक अक्षरांत पाच-सहा वाक्यं. त्यांचं सार असं: या जर्मन पाळकाने खऱ्या शिष्यांना संघटित चर्च सोडून घराघरांत जमायला सांगितलं. फिंकनवाल्डला त्याने स्वतः अशी घरमंडळी, म्हणजे घरात भरणारं चर्च, चालवली. पहिली तीनशे वर्षं मंडळी फक्त घरांतच भरायची, इमारती आणि पाळक रोमन सम्राट कॉन्स्टंटाईनने आणले. चर्चच्या बाकांवर बसणारे 'स्वस्त कृपे'वर जगतात. आणि तुरुंगात गेल्यावर बोनहोफरने 'धर्माविना ख्रिस्तीपण' सांगून चर्चचा विषयच मिटवला.

घरमंडळीशी माझं वैर नाही. चार वर्षं मी एका घरमंडळीत जात होतो. चटया, पेटी, उपासनेनंतर चहा, आणि लहान मुलंही मोठ्याने प्रार्थना करायची. चर्चच्या कमिट्यांची भांडणं, वर्गणीचे हिशेब आणि निवडणुकांना कंटाळून माणसं तिकडे का वळतात, हे मला चांगलं कळतं. पण कंटाळा आपला असेल तर तो आपल्या नावावर सांगावा, हिटलरला विरोध करून फासावर गेलेल्या माणसाच्या नावावर नको.

फिंकनवाल्डपासून सुरुवात करू, कारण सगळी इमारत त्या एका नावावर उभी आहे. 1933 साली जर्मन प्रोटेस्टंट चर्चमध्ये हिटलरच्या बाजूचे लोक वरचढ झाले. सप्टेंबरमध्ये प्रशियाच्या सिनॉडने, म्हणजे चर्चच्या प्रतिनिधी सभेने, आर्यन कलम स्वीकारलं, म्हणजे ज्यू वंशाच्या माणसाला पाळक म्हणून राहता येणार नव्हतं. याला विरोध करणारे 1934 च्या मे महिन्यात बार्मेनला जमले आणि तिथून कन्फेसिंग चर्च उभं राहिलं. आता हे लोक म्हणाले काय? 'आम्ही चर्च सोडतो' असं नाही. ते म्हणाले, खरं चर्च आम्हीच आहोत, सोडून तुम्ही गेलात. त्यांनी स्वतःच्या परिषदा नेमल्या, सिनॉड भरवले, पाळकांच्या परीक्षा घेतल्या, दीक्षा दिली. संघटना टाकून देणं तर दूरच, त्यांनी ती नव्याने उभी केली.

फिंकनवाल्ड ही त्याच चर्चची सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा होती. 1935 च्या एप्रिलमध्ये ती बाल्टिक किनाऱ्यावर झिंगस्टला सुरू झाली आणि जूनमध्ये श्टेटिनजवळ फिंकनवाल्डला हलली. तो भाग आज पोलंडमध्ये आहे. तिथे येणारे तरुण गावोगावच्या मंडळ्यांमध्ये पाळक म्हणून जायचे होते, त्यासाठीच ते शिकत होते. रोज अर्धा तास एकाच वचनावर मनन, एकत्र स्तोत्रं, भावापुढे पापकबुली, आणि गैरहजर भावाबद्दल कुणी बोलायचं नाही असा नियम. (हा शेवटचा नियम आमच्या घरमंडळीत आठवडाभरसुद्धा टिकला नसता.) 1937 च्या सप्टेंबरमध्ये गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) सेमिनरीला टाळं ठोकलं, आणि वर्ष संपायच्या आत तिथून शिकून गेलेल्यांपैकी 27 जण तुरुंगात होते. सरकारी पगार नाही, मान्यता नाही, तरी ते मंडळ्या सांभाळत होते.

मजकूर लिहिणाऱ्यांचा सगळा आधार एका पत्रावर आहे, आणि ते पत्र खरं आहे. 14 जानेवारी 1935 ला बोनहोफरने लंडनहून भाऊ कार्ल-फ्रीडरिखला लिहिलं की चर्चचं पुनरुज्जीवन एका नव्या प्रकारच्या मठजीवनातून होईल, येशूच्या डोंगरावरील प्रवचनाप्रमाणे कुठलीही तडजोड न करता जगण्यातून. त्याच सुमारास तो हिंदुस्थानात यायची खटपट करत होता. 1934 च्या नोव्हेंबरमध्ये गांधींनी पत्र लिहून त्याला आश्रमात बोलावलंही होतं. सेमिनरीची हाक आली आणि तो बेत राहून गेला. पण पत्रातलं वाक्य पुन्हा वाचा. पुनरुज्जीवन व्हायचंय ते चर्चचं. मठ हे त्याचं साधन आहे, पर्याय नाही.

आणि सेमिनरीचं दुसरंच वर्ष चालू असताना, 1936 मध्ये, याच माणसाने लिहिलं की जो जाणूनबुजून जर्मनीतल्या कन्फेसिंग चर्चपासून वेगळा होतो, तो तारणापासून वेगळा होतो. त्यावर तेव्हा जर्मनीभर गदारोळ झाला. मला स्वतःला ते वाक्य आजही जड जातं. पण 'चर्च सोडा' सांगणाऱ्याच्या लेखणीतून ते येऊ शकत नाही, एवढं नक्की.

आता 'स्वस्त कृपा'. शिष्यपणावरचं त्याचं पुस्तक 1937 चं. त्याच्या पहिल्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य सांगतं की स्वस्त कृपा ही आपल्या मंडळीची जिवावरची शत्रू आहे. आपल्या मंडळीची! पुढे तो स्वस्त कृपा म्हणजे काय ते मोजून दाखवतो: पश्चात्तापाविना क्षमेचा संदेश, मंडळीच्या शिस्तीविना बाप्तिस्मा, पापकबुलीविना प्रभुभोजन. फिरणाऱ्या मजकुरात पहिला आणि तिसरा तुकडा आहे. मधला गायब आहे. तो का गायब झाला ते सांगायला नको. बाप्तिस्म्यासाठी मंडळीची शिस्त हवी, असं म्हणणारा माणूस मंडळी मोडायला निघालेला नसतो.

त्याच प्रकरणात तो मठांबद्दल बोलतो, आणि हा भाग तर कुणी उद्धृतच करत नाही. तो म्हणतो, मठांची चूक त्यांच्या कडकपणात नव्हती. शिष्यपण ही निवडक थोड्यांची कमाई होऊन बसली, ही चूक होती. बाकीच्यांना त्यामुळे सवलत मिळाली, आणि थोड्यांना पुण्याचा हिशेब. प्रोटेस्टंट पंथाचा जनक मार्टिन ल्यूथर मठ सोडून परत जगात आला ते शिष्यपण सोपं करायला नव्हे, ते प्रत्येकाच्या दारात न्यायला. आता मजकुरातली विभागणी बघा: आम्ही बैठकीतले खरे शिष्य, ते बाकांवरचे नावाचे. ही तीच जुनी चूक आहे, फक्त मठाच्या जागी टू-बीएचके आलाय.

तीनशे वर्षं फक्त घरं, हा दावा अर्धा खरा आहे. अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घरची मंडळी, फिलेमोनाच्या घरची मंडळी, हे नव्या करारात स्पष्ट आहे. पण प्रेषितांची कृत्ये 2:46 मध्ये विश्वासणारे घरोघरी भाकर मोडतात आणि त्याच वाक्यात रोज मंदिरातही जमतात. फरात नदीकाठी, आजच्या सीरियात, दुरा-युरोपोसला एक घर सापडलं आहे. तिसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपास ख्रिस्ती लोकांनी त्याच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडून मोठी खोली केली, एका खोलीत बाप्तिस्म्याचा हौद बांधला, भिंतींवर चित्रं काढली. तिथे मग कुणी राहत नव्हतं. घर म्हणून बांधलेल्या जागेचं त्यांनी चर्च केलं, कॉन्स्टंटाईनच्या जन्माच्याही आधी.

अंत्युखिया या प्राचीन शहराची गोष्ट मला याहून आवडते. तिथल्या बिशप पौलाला (हा समोसटाचा, प्रेषित नव्हे) पाखंडी ठरवून काढलं, पण तो चर्चची इमारत सोडेना. शेवटी 272 च्या सुमाराला लोक थेट रोमन सम्राट ऑरेलियनकडे गेले, आणि त्या मूर्तिपूजक सम्राटाने जागा कुणाची याचा निकाल दिला. म्हणजे इमारत होती, बिशप होता आणि जागेचा वादही होता! 303 साली सम्राट डायोक्लेशनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला तो निकोमेडिया शहरातलं चर्च जमीनदोस्त करून, आणि ते चर्च राजवाड्यातून दिसत होतं. 313 च्या मिलानच्या फर्मानात ख्रिस्ती लोकांना त्यांच्या जमण्याच्या जागा परत द्या असा हुकूम आहे. नसलेल्या जागा परत कशा देणार? कॉन्स्टंटाईनने मोठ्या बॅसिलिका बांधल्या आणि त्याच्यामुळे सत्तेची चव लागली, ही टीका रास्त आहे आणि ती जरूर करावी. पण त्याच्यासाठी इतिहास कापायला नको.

राहिला तुरुंग. 'धर्माविना ख्रिस्तीपण' हे शब्द 30 एप्रिल 1944 च्या, टेगेल तुरुंगातून मित्र एबरहार्ड बेथगेला लिहिलेल्या पत्रात येतात. त्याच पत्रात तो विचारतो की अशा जगात मंडळी, प्रवचन, उपासना यांचा अर्थ काय असेल. प्रश्न विचारणारा माणूस विषय मिटवत नाही. मात्र इथे मजकूर लिहिणाऱ्यांना एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. त्याच उन्हाळ्यात त्याने एका पुस्तकाचा आराखडा लिहिला, आणि त्यात चर्चच्या लोकांना झोप येऊ नये असं बरंच आहे: मंडळी दुसऱ्यांसाठी असेल तेव्हाच ती मंडळी, सुरुवात म्हणून तिने आपली सगळी मालमत्ता गरजूंना देऊन टाकावी, पाळकांनी लोकांच्या ऐच्छिक दानावर जगावं किंवा कामधंदा करावा. मिशन कंपाउंडांच्या जमिनींवरून वर्षानुवर्षं कोर्टात जाणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे मोठ्याने वाचायला हवं.

हे वाचताना मला मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आठवतात. 1917 साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोघांनाही जागा होती. टिळकांनी पगार सोडला तो दार आणखी उघडावं म्हणून, आणि त्यांची गीतं आजही रविवारी आपल्या चर्चांमधूनच गायली जातात. बोनहोफरच्या आराखड्यातलं 'दुसऱ्यांसाठी' याच दिशेचं आहे. बारा समविचारी माणसांनी एका हॉलमध्ये दार लावून बसणं त्यात कुठे बसतं, ते मला दिसत नाही.

मजकुराच्या शेवटी 'वाईटापुढे गप्प राहणं हेही वाईटच' असं वाक्य बोनहोफरच्या नावावर असतं. ते त्याच्या लिखाणात कुठेही नाही. त्याने खरोखर लिहिलेलं एक देतो, फिंकनवाल्डच्या अनुभवावरच्या 1939 च्या पुस्तकातलं: जो मंडळीपेक्षा मंडळीच्या आपल्या स्वप्नावर जास्त प्रेम करतो, तो तिचा नाश करतो, त्याचा हेतू कितीही प्रामाणिक असो. आमची घरमंडळी चार वर्षांनी फुटली. कारण सांगायला लाज वाटते. पेटी कुणाच्या घरी ठेवायची यावरून सुरुवात झाली होती.

8 एप्रिल 1945, पुनरुत्थानाच्या सणानंतरचा रविवार. बव्हेरियातल्या शोनबेर्ग गावी एका शाळेत कैद्यांना ठेवलं होतं. त्यांनी बोनहोफरला उपासना घ्यायला सांगितलं. तो आधी तयार होईना, कारण बहुतेक जण कॅथलिक होते आणि कोकोरिन नावाचा एक रशियन नास्तिक होता. कोकोरिनने स्वतःच हरकत नाही म्हटल्यावर त्याने यशया 53 मधलं वचन वाचलं, पेत्राच्या पहिल्या पत्रातलं वाचलं आणि थोडं बोलला. शेवटची प्रार्थना संपते न संपते तोच दार उघडून दोन माणसं आत आली आणि त्यांनी त्याला तयार व्हायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लोसनब्युर्गच्या छावणीत त्याला फाशी दिली.