काका, रेडॉनचं बघूच, पण आधी टाकीचं झाकण

नमस्कार काका, तुमची प्रतिक्रिया दोन ओळीत उत्तर देऊन सोडण्यासारखी नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितेय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, मी सोसायटीच्या अंडरग्राउंड टाक्यांवर लिहिलं होतं, त्यावर ठाण्यातल्या कासारवडवलीच्या काकांचं म्हणणं असं की "टाकी धुवा, ब्लीचिंग टाका सांगून तुम्ही लोकांना खोटा दिलासा देताय. माझी मुलगी न्यू हॅम्पशायरमध्ये छोट्या गावात राहते, तिथे घरच्या बोअरच्या पाण्यात रेडॉन निघाला, बराच खर्च करून मशीन बसवावं लागलं. आमच्याकडेही बोअर आहे. तुम्ही रेडॉनचा र पण लिहीत नाही, निदान आरओ लावा असं तरी स्पष्ट सांगा."

तुमच्या मुलीने जे केलं ते शंभर टक्के बरोबर केलं. रेडॉन हा किरणोत्सारी वायू, रंग नाही वास नाही चव नाही, जमिनीतल्या युरेनियमचं हळूहळू विघटन होतं त्यातून रेडियम बनतं आणि रेडियमपासून हा. न्यू हॅम्पशायरला ग्रॅनाइट स्टेटच म्हणतात, खालचा खडक ग्रॅनाइट, त्यात युरेनियम जास्त, आणि गावाकडच्या घरांना स्वतःची खोल बोअर असते, खडकाच्या भेगांतलं पाणी पंपाने थेट नळाला येतं. खाजगी बोअरला तिथला पिण्याच्या पाण्याचा केंद्रीय कायदा लागू नाही, टेस्ट मालकानेच करायची. वरून थंडीत घर कडेकोट बंद आणि खाली तळघर, म्हणजे जमिनीतून येणारा रेडॉनही घरातच कोंडतो. तिने बसवलेलं मशीन बहुतेक एअरेशनचं असणार, बंद टाकीत पाण्यातून हवा सोडतात आणि निघालेला वायू पाइपने छपराच्या वर नेऊन सोडतात.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना माहीत नसते. पाण्यातल्या रेडॉनचा मोठा धोका पिण्यातून नाही, श्वासातून आहे. शॉवर घेताना, भांडी घासताना, वॉशिंग मशीन चालू असताना पाणी उसळतं, सोडा वॉटरची बाटली उघडल्यासारखा वायू बाहेर पडतो आणि आपण तो घरातल्या हवेबरोबर आत घेतो. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे आकडे बघा, पाण्यातल्या रेडॉनमुळे तिथे वर्षाला साधारण १६८ कॅन्सरचे मृत्यू, त्यातले ८९ टक्के श्वासातून होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरचे आणि ११ टक्के पोटाच्या. आणि घरातल्या हवेतल्या एकूण रेडॉनमुळे, जो मुख्यतः जमिनीतून येतो, साधारण २१,०००. म्हणजे रेडॉन किरकोळ आहे असं कुणी म्हणूच नये, पण पाण्याच्या वाटेने येणारा त्यातला अगदी छोटा हिस्सा आहे.

मग ठाण्यात काय? आपल्या नळाला येणारं पाणी भातसा नाहीतर उल्हास नदीचं, पिसे, शहाड या बाजूने उचललेलं, आणि खाडीपलीकडे नवी मुंबईला मोरबे धरणाचं. हे सगळं उघड्यावरचं पाणी. रेडॉन उघड्या पाण्यात टिकत नाही, हवेत निघून जातो, आणि जो राहील तो दर ३.८ दिवसांनी निम्मा होत जातो. धरण, नदी, मग शुद्धीकरण केंद्र, एवढा प्रवास करून आलेल्या पाण्यात रेडॉनची काळजी करायचं कारण मला दिसत नाही, म्हणून त्या लेखात तो विषय घेतला नव्हता.

बोअरचा प्रश्न वेगळा आणि तो तुम्ही विचारलात हे चांगलं केलंत. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, बेसाल्ट. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम दहा लाखात साधारण ४ भाग असतं, बेसाल्टमध्ये १ किंवा त्याहून कमी. बंगळुरू, कोलारकडे खडक वेगळा, तिकडच्या बोअरमध्ये युरेनियम आणि रेडॉन जास्त सापडल्याचे अभ्यास आहेत, तो अंदाज ठाण्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि ढोबळ हिशोब असा आहे की पाण्यातला रेडॉन घरातल्या हवेत उतरतो तो साधारण दहा हजारात एक या प्रमाणात. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी धरलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्साराचं माप) आहे, तिथपर्यंत फक्त पाण्यामुळे पोचायला त्या पाण्यात लिटरला १००० बेकरेल लागतील. तुलनेला, युरोपात पिण्याच्या पाण्यासाठी धरलेला आकडा लिटरला १०० आहे. आणि तुमच्याकडे बोअर फ्लशला आणि गाड्या धुवायला, शॉवरला नाही, आणि खिडक्या जवळजवळ बारा महिने उघड्या. तरी मनाची खात्री हवी असेल तर टेस्ट करा, मी अडवणार नाही, फक्त सॅम्पल नीट घ्या, पाण्याखाली बाटली धरून काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा न ठेवता तिथेच बूच लावायचं आणि त्याच दिवशी पोचवायची, नाहीतर बाटली कोपऱ्यात पडून राहिली तर वायू निघून जाणार आणि रिपोर्ट छान येणार.

आरओचं मात्र मी स्पष्टच सांगते, लावा असं सांगणार नाही. आरओ क्षार काढतो, विरघळलेला वायू त्याच्या जाळीतून आरपार जातो, यूव्हीचा तर रेडॉनशी काही संबंधच नाही. कार्बनच्या फिल्टरमध्ये थोडा अडकतो, पण अडकतो म्हणजे तिथेच साठतो, म्हणून जिथे खरंच प्रमाण जास्त आहे तिथे घरभराच्या कार्बन टाकीपेक्षा एअरेशन बरं समजतात. आणि धरणाच्या आपल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मुळातच कमी असतो. लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली टीडीएस असेल तिथे आरओ वापरू देऊ नका असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटलं होतं. विकायला येणारा माणूस टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवतो, पण त्या मीटरला जंतू दिसत नाहीत हो, गटाराचं पाणी मिसळलेलं असलं तरी आकडा "छान" येऊ शकतो.

आता मला ज्याची खरी भीती वाटते त्याकडे येते. घोडबंदरच्या एका सोसायटीत मी कमिटीबरोबर खाली पार्किंगमध्ये गेले होते. अंडरग्राउंड टाकीचं झाकण फरशीच्या लेव्हलला, एका कडेची फ्रेम गंजून खाल्लेली, शेजारी गाडी धुणाऱ्याने नुकतंच पाणी मारलेलं, ते काळपट साबणाचं पाणी झाकणाभोवती जमून त्या फटीतून टप टप आत पडत होतं. ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, आणि त्याच्या हातभर अंतरावर ड्रेनेजचं चेंबर. प्लंबरदादांनी क्लोरीनची ओटी टेस्ट केली, छोट्या काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकतात तीच. पालिकेच्या लाइनवरचं पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन होता. तिसऱ्या मजल्यावरच्या किचनच्या नळाचं पाणी घेतलं, जसंच्या तसं पांढरं स्वच्छ. बघायला किती छान वाटतं, पण त्याचा अर्थ नळापर्यंत क्लोरीन उरलाच नव्हता, वाटेतल्या घाणीने संपवला होता. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे आयएस १०५००, त्यात नळाला लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवा असं आहे.

पाणी तास दोन तास येतं आणि मग लाइन रिकामी पडते, तेव्हा आत ओढ तयार होते आणि जॉइंट गळका असला तर बाजूच्या गटारातलं आत खेचलं जातं. त्यातून कावीळ, टायफॉइड. कावीळीतली हिपॅटायटिस ई गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर २० ते २५ टक्के जणींचा जीव जाऊ शकतो, हा आकडा वाचल्यापासून मी या विषयात गप्प बसू शकत नाही. आणि ब्लीचिंग टाकलं की झालं असं मी कुठेच म्हटलेलं नाही, काका. १९५५-५६ मध्ये दिल्लीत नजफगढ नाल्याचं पाणी वझिराबादच्या केंद्रापर्यंत घुसलं, तिथल्या लोकांनी क्लोरीन वाढवला, टायफॉइड काही वाढला नाही पण कावीळ सुमारे २९,००० लोकांना झालीच. म्हणून घाण आत जाऊच न देणं पहिलं, १००० लिटरला २.५ ग्रॅमच्या आसपास ब्लीचिंग पावडर टाकून तासभर थांबणं हे त्याच्यानंतर.

आणि तुमच्या बोअरबद्दल मला रेडॉनपेक्षा एक प्रश्न जास्त छळतोय. एप्रिल-मे मध्ये पाणी कपात झाली की बोअरचं पाणी पिण्याच्या टाकीत वळवतात का? बऱ्याच ठिकाणी पंपरूममध्ये दोन्ही लाइन जोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, वॉचमन अर्धा फिरवून ठेवतो आणि कुणाला पत्ता नसतो. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नाही, जवळ जुनी सेप्टिक टाकी किंवा एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट) असेल तर जंतू, खाडीजवळ असाल तर खारटपणा. तो व्हॉल्व्ह शोधा, आणि जोडणी असेल तर व्हॉल्व्ह बंद करण्यावर समाधान मानू नका, पाइपच कापून बूच मारायला सांगा. घरात सध्या उकळून प्या, फसफसून एक मिनिट उकळी आली की पुरे, खिडकी उघडी ठेवा म्हणजे असलाच तर तुमचा रेडॉनही त्याच वाफेबरोबर निघून जाईल. स्वस्तातली जंतूंची एच टू एस बाटली मिळते, तीत पाणी भरून घरात ठेवायची, एक-दोन दिवसात काळी पडली तर त्या पाण्यात गडबड आहे. एक बाटली किचनच्या नळाची भरा, एक बोअरची, आणि काय रंग आला ते इथेच लिहा, बोअर किती खोल आहे आणि ड्रेनेज चेंबरपासून किती लांब तेही सांगा म्हणजे पुढे काय करायचं ते बोलू.