‘मला’भोवती लाल गोल

२० पैकी ९.

गुणांचं एक वेळ सोडा. (मी सोडत नाहीये, तुम्ही सोडा.) आज सरांकडून सिनेमाच्या वर्गाचा पेपर परत मिळाला आणि त्यात जिथे जिथे मी ‘मला’ लिहिलंय तिथे तिथे लाल पेनने गोल केलाय. मोजले, १७ आहेत. पहिलं पान तर गोवर उठल्यासारखं दिसतंय. आणि शेवटी खाली एक ओळ: ‘हे सगळं वैयक्तिक आहे. विश्लेषण कुठे आहे?’

असाइनमेंट काय होती माहितीये? ‘वर्गात पाहिलेल्या कुठल्याही एका चित्रपटावर तुमची प्रतिक्रिया लिहा.’ तुमची! आता माझ्या प्रतिक्रियेत मी नको, तर काय शेजारच्या बाकावरची हवी होती?

तर झालं असं की मी ‘टोकियो स्टोरी’ निवडला. जपानी दिग्दर्शक ओझूचा, १९५३चा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: म्हातारे आईवडील लांबचा प्रवास करून मुलांकडे टोकियोला जातात. मुलं वाईट नाहीत, पण कामात आहेत. एकाचा दवाखाना, एकीचं ब्यूटी पार्लर. वेळ देते ती फक्त सून, तीसुद्धा युद्धात गेलेल्या मुलाची विधवा. आईवडील परत जातात, घरी पोहोचल्यावर आई आजारी पडते आणि जाते. एवढंच. एवढ्याला दोन तास सोळा मिनिटं.

आणि मी झोपले.

खरंच झोपले. वर्गात अंधार, पंखा, सगळ्यांत मागची रांग. आदल्या रात्री तीन वाजेपर्यंत ‘बॅटलशिप पोटेमकिन’ या जुन्या सोव्हिएत मूकपटातल्या ओडेसाच्या जिन्यावरच्या गोळीबाराचे शॉट मोजत बसले होते, कारण तीही असाइनमेंट याच सरांची. दर वेळी आकडा वेगळा. एकदा ती बाबागाडी घरंगळायला लागली की माझं मोजायचं राहून जायचं, मग पुन्हा मागे. असो. ‘टोकियो स्टोरी’त त्या दोघांना मुलं अतामीच्या हॉटेलात पाठवतात, तिथे रात्रभर गोंगाट, बिचाऱ्यांचा डोळ्याला डोळा लागत नाही. नेमके तिथेच माझे डोळे मिटायला लागले. आई आजारी असल्याचं कळतं तिथवर कसाबसा तग धरला. मग गेलेच.

डोळे उघडले तेव्हा आईच्या चेहऱ्यावर पांढरं कापड होतं.

शेजारच्या मैत्रिणीला कोपराने ढोसून विचारलं, ‘कधी गेली?’ ती म्हणाली, ‘गप बस ना.’ आणि तेवढ्यात पडद्यावर धाकटा मुलगा येतो. केइझो. ओसाकाला रेल्वेत नोकरीला. उशीर झालाय त्याला. आई गेल्यावर पोहोचलाय. त्याची आणि माझी वेळ एकच! मी अशी गार पडले म्हणून सांगू. एका गेलेल्या आईभोवती सगळे बसलेत आणि उशिरा आलेले आम्ही दोघंच.

हेच लिहिलं मी पेपरात. की मला झोप लागली, मला जाग आली, मला केइझोसारखं वाटलं. ‘मी झोपले आणि आई गेली’ हे वाक्य मी पेपरात लिहिलंय आणि मला ते अजूनही आवडतं. त्या वाक्याशेजारी समासात सरांनी लिहिलंय: ‘जागं असतं तर दिसली असती का जाताना?’

टोमणा! झोपल्याबद्दल टोमणा. चूक लपवता आली असती, मी प्रामाणिकपणे लिहिली, त्याचं हे बक्षीस. वर्गातल्या अर्ध्या पोरांनी तो सिनेमा मोबाइलवर सव्वापट वेगाने पाहिलाय आणि ‘ओझूचा कॅमेरा जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर’ हे वाक्य सगळ्यांच्या पेपरात शब्दशः सारखं आहे. त्यांना १४, १५, १६. कॅमेरा खाली असतो हो, मलाही दिसला, मी झोपायच्या आधी तो खालीच होता.

मला राग कशाचा येतो सांगू? वर्षभर आम्हाला जे शिकवलं ते सगळं कुणाला तरी काहीतरी वाटण्यावरच उभं आहे. कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग घ्या. मोझुखिन नावाच्या नटाचा तोच चेहरा, त्याच्यापुढे कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, कधी बाई. चेहरा तोच असताना बघणाऱ्यांना भूक दिसली, दुःख दिसलं, वासना दिसली. आता त्या बघणाऱ्यांतला एकेक जण उठून ‘मला वाटलं तो भुकेला आहे’ म्हणाला असेल, तेव्हा कुलेशॉव्हने काय त्याच्या ‘मला’भोवती लाल गोल केला असेल? ते ‘मला वाटलं’ हाच तर सगळा प्रयोग! ते काढा, मग उरतं काय, एक नट आणि एक वाटी.

‘बायसिकल थीव्ज’ या इटालियन सिनेमाच्या वेळीही हेच. शेवटी बाप सायकल चोरायला जातो, पकडला जातो, लोक त्याला धरून हाणतात आणि पोरगं बघत असतं. मी त्या वेळी मान खाली घातली. मला बघवेना. म्हणजे पडद्यावर चोरीपेक्षा मोठं काहीतरी चाललं होतं आणि आपण तिथे असणं बरोबर नाही असं वाटलं, कुणाच्या घरातलं भांडण खिडकीतून दिसावं तसं. नंतर चर्चा कशावर? नववास्तववाद. खऱ्या जागा. बापाचं काम करणारा मुळात कारखान्यातला कामगार. हे सगळं खरंय, महत्त्वाचंही आहे, परीक्षेत येतं. पण वर्गात तेव्हा तीसएक पोरं बसली होती, त्यातल्या निम्म्यांनी खाली बघितलं असणार, आणि त्याबद्दल अवाक्षर नाही. मला तर वाटतं तो कारखान्यातला माणूस घेतला ते आपल्याला मान खाली घालावीशी वाटावी म्हणूनच. सराईत नट असता तर मी मजेत बघत बसले असते, ‘काय रडलाय’ म्हणून.

हां, मान्य. नुसतं ‘मला वाटलं, मला वाटलं’ करून दहा पानं भरणारेही असतात आणि ते वाचणाऱ्याची मला दया येते. ‘पथेर पांचाली’वर आमच्यातल्या एकाने फक्त ‘मी खूप रडलो’ असं चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलं होतं.

पण मग मीही रडले होते ना. हरिहर, म्हणजे बाप, परत येतो, पिशवीतून एकेक वस्तू काढतो, मुलीसाठी, दुर्गासाठी आणलेली साडी काढतो आणि दुर्गा तर कधीच गेलेली आहे. तिची आई सर्वजया ती साडी तोंडाशी धरून कोसळते. आणि तिचा आवाज येत नाही. तिच्या आवाजाच्या जागी तारशहनाई येते. मला आधी कळलंच नाही मी नक्की काय ऐकतेय. बाई रडतेय की वाद्य? हे कळत नाही म्हणूनच पोटात खड्डा पडतो. एक सीनियर तेव्हा म्हणाला, ‘रडू येणं ही फार सोपी प्रतिक्रिया आहे.’ सोपी? तू करून दाखव. असे लोक पुढे समीक्षक होतात.

कंटाळ्याचंही तेच. ‘जान डिलमन’ दाखवला तेव्हा तर वर्ग अर्धा रिकामा झाला. शांताल अकेरमनचा, १९७५चा, २०१ मिनिटं. एक बाई तीन दिवस घरकाम करते आणि आपण बघतो. कॅमेरा हलत नाही. बटाटे सोलते तर सगळे बटाटे सोलून होईपर्यंत. पहिल्या दिवशी मी मनातल्या मनात उद्या काय काय करायचंय याची यादी केली. दुसऱ्या दिवशी (म्हणजे सिनेमातल्या) तिचे बटाटे जास्त शिजतात. बस, इतकंच होतं. आणि मी सरळ होऊन बसले! बटाटे जास्त शिजले म्हणून छातीत धस्स झालं, विचार करा. ती ते भांडं हातात घेऊन घरभर फिरते, कुठे ठेवावं सुचत नाही, आणि मला घाम. पहिला तासभर मी कंटाळले नसते तर ते बटाटे मला दिसलेच नसते. हा कंटाळा कुठे लिहायचा? ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश सिनेमासिकाच्या मतदानात समीक्षकांनी २०२२ साली तो सिनेमा सर्वोत्तम म्हणून पहिल्या नंबरावर आणला, हे लिहिलं की गुण. मी कंटाळले हे लिहिलं की गोल.

हे सगळं तुम्हाला नव्याने सांगायला नको. आपण सगळे पिक्चर बघून बाहेर आल्यावर तासतासभर रस्त्यात उभे राहून भांडलेली माणसं आहोत. आपल्यातल्या कुणी आजवर ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला ‘खोल-केंद्र छायांकन प्रभावी’ असं उत्तर दिलंय?

चहा घेऊन आले. जरा शांत झालेय. एक गोष्ट सांगायची राहिली.

‘टोकियो स्टोरी’ सुरू असताना पहिल्या अर्ध्या तासात आईचा फोन आला होता. मी कट केला आणि ‘क्लासमध्ये आहे’ असा मेसेज टाकला. नंतर सिनेमा संपल्यावर बाहेर येऊन पहिला तिला फोन लावला. गळा दाटलेला. ती म्हणाली, ‘बोल, काही महत्त्वाचं आहे का? नाहीतर मालिका संपली की करते.’ मी म्हटलं, ‘नाही, सहज.’ ‘बरं’ म्हणाली आणि ठेवला. म्हणजे सिनेमातल्या मुलांसारखी आईच कामात होती आणि म्हातारी मी! हेही मी पेपरात लिहिलं. तिथे सरांनी ‘असंबद्ध’ लिहिलंय. सर, माझ्या आख्ख्या पेपरात ओझूच्या सगळ्यांत जवळ जाणारी तीच ओळ आहे.

असं वाटतं मला. करा गोल.

बरं, आता खरं सांगते. ही पोस्ट मी संध्याकाळी सहाला लिहायला घेतली होती. मध्ये तीन तास गायब होते कारण रागारागात लॅपटॉपवर ‘टोकियो स्टोरी’ पुन्हा लावला. हेतू एकच, मी झोपले तो भाग बघायचा आणि सरांना दाखवून द्यायचं की तो बघूनही माझं मत तेच आहे.

बघितला, जागी राहून. डॉक्टर असलेला थोरला मुलगा सांगतो की आई सकाळपर्यंत टिकेल असं वाटत नाही. ती बेशुद्ध, सगळे भोवती. मी डोळे फाडून बघतेय, आता जाईल, आता जाईल. आणि कट. पहाट झालेली. बंदर, होड्या, रिकामा धक्का, कुणी माणूस नाही. मग पुन्हा घर, आणि तेच, चेहऱ्यावर पांढरं कापड.

मागे नेला, पुन्हा लावला. नाहीच्चे. आईचा मृत्यू त्या सिनेमात नाहीये! ओझूने तो क्षणच दाखवलेला नाही. म्हणजे त्या दिवशी वर्गात जे टक्क जागे होते त्यांनाही ती जाताना दिसली नाही. माझ्या त्या मैत्रिणीलासुद्धा, म्हणून तर ‘गप बस’ म्हणाली, तिला तरी कुठे माहिती होतं! उशिरा पोहोचलेले केइझो आणि मी दोघंच नव्हतो, तो आख्खा वर्गच उशिरा पोहोचला होता.

‘जागं असतं तर दिसली असती का जाताना?’

तो टोमणा नव्हता. प्रश्न होता. खराखुरा प्रश्न, माझ्या त्याच वाक्याला धरून विचारलेला, आणि माझ्या डोक्यात राख गेली होती म्हणून मला तो कळला नाही. पेपर पुन्हा उघडून पाहिला. सतरा लाल गोल आहेत, पण समासात प्रश्नचिन्ह फक्त या एका वाक्यापाशी आहे.

आता मला कळेना की चिडू कुणावर. एवढी चांगली गोष्ट सरांना माझ्या पेपरात दिसली होती, तर सरळ लिहायची ना दोन ओळींत, ‘इथे थांब, इथे काहीतरी आहे.’ समासात कोडं घालून ९ कशाला द्यायचे? आणि त्यांना ती दिसली, म्हणजे माझ्या झोपेतून निघालेल्या वाक्यानेच त्यांना तिथवर नेलं ना? की त्यांना आधीच माहिती होती आणि ते दर वर्षी वाट बघतात, कुणीतरी झोपेल म्हणून?

आई जाऊन विधी सुरू असताना केइझो उठून बाहेर येऊन बसतो. आतून लाकडी वाद्याचा टोक टोक आवाज येत असतो आणि तो म्हणतो की त्या आवाजाबरोबर आई थोडी थोडी लहान होत चाललीये असं वाटतं. हे पहिल्या वेळी मी जागी असूनही माझ्या कानावरून गेलं होतं, कारण तेव्हा मी माझ्याच उशिरा येण्याच्या कौतुकात होते. तेवढं माझं चुकलं.

उद्या सरांना भेटायला जाणार आहे. गुण वाढवून मागायला नाही. बरं, गुण वाढवून मागायलाही. किमान १२ तरी.

आणि सर तुमच्यापैकी कुणाच्या फ्रेंडलिस्टमध्ये असतील तर प्लीज याचा स्क्रीनशॉट पाठवू नका. ओडेसाच्या जिन्याच्या शॉटचा जो आकडा मी त्या असाइनमेंटमध्ये दिलाय तो शेवटी मैत्रिणीच्या वहीतून घेतलाय.