अमेरिकेत सॉस पाठवताय? लेबल छापायच्या आधी हे वाचा

शेजवान चटणी, मिरची-लसूण सॉस, चिंच-खजुराची चटणी घेऊन अमेरिकेच्या बाजारात उतरू पाहणाऱ्या आपल्या लघुउद्योजकांना एक गोष्ट सर्रास विकली जाते: 'एफडीए सर्टिफिकेट'. अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न आणि औषध नियामक खातं, असं कुठलंही प्रमाणपत्र देत नाही. कारखान्याची नोंदणी ऑनलाइन होते, सरकारी फी शून्य. तिथला एक एजंट नेमावा लागतो आणि दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं. या नोंदणीने मालाला मंजुरी मिळत नाही, तुमचा कारखाना कुठे आहे एवढंच त्यांना कळतं. त्या जोरावर बाटलीवर 'एफडीए अप्रूव्ह्ड' छापायला सांगणारा सल्लागार तुमची फसवणूक करतोय.

सॉस खरा अडतो तो पाककृतीत. लसूण, आलं, मिरची यांचा पीएच (आंबटपणा मोजणारा आकडा, जितका कमी तितका पदार्थ आंबट) 4.6 च्या वर असतो. त्यात व्हिनेगर घालून तो 4.6 किंवा त्याखाली आणला, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी (जंतूंना वाढायला मिळणाऱ्या पाण्याचं माप) 0.85 पेक्षा जास्त राहिली आणि बाटली फ्रिजबाहेर विकायची असेल, तर अमेरिकी कायद्यात तो 'अ‍ॅसिडिफाइड फूड' ठरतो. मग साध्या नोंदणीशिवाय आणखी दोन गोष्टी लागतात. कारखान्याचा एफसीई क्रमांक (असं हवाबंद अन्न बनवणारा कारखाना म्हणून मिळणारा) आणि प्रत्येक उत्पादनाच्या प्रक्रियेची नोंद, म्हणजे एसआयडी. ही नोंद 2541ई या फॉर्मवर होते. ती बाटलीच्या मापाशीही बांधलेली असते, त्यामुळे 200 ग्रॅमच्या बाटलीची एसआयडी हॉटेलवाल्यांच्या मोठ्या बरणीला चालत नाही. नोंद नसलेला माल बंदरातच थांबतो, चव कितीही चांगली असो.

हा 4.6 चा आकडा बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेमुळे आला. त्याच्या वर, हवाबंद बाटलीत, क्लोस्ट्रिडियम बोटुलिनम हा जिवाणू वाढून विष तयार करू शकतो, आणि वासावरून किंवा चवीवरून ते कळेलच असं नाही. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये तेलातल्या लसणामुळे लोक आजारी पडले, 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्यात तसंच झालं. आपल्या बहुतेक सॉसमध्ये लसूण आणि तेल दोन्ही असतात, हे ध्यानात ठेवा.

पीएच मोजण्यात सर्वांत जास्त गफलत होते. कढईतून काढल्या काढल्या मोजलेला आकडा पातळ भागाचा असतो. लसणाच्या तुकड्याच्या आतपर्यंत आम्ल पोचायला वेळ लागतो, आणि तुकडा तेलात परतलेला असेल तर आणखी वेळ. म्हणून तेलाचा थर काढून, तुकडे आणि रस एकत्र वाटून, समतोल झाल्यावरचा पीएच घ्यायचा. मीटर रोज 4 आणि 7 च्या बफरने (ठरलेल्या पीएचच्या द्रावणाने) लावून घ्या. रंग बदलणाऱ्या पीएच पट्टीवर विसंबणं कायद्यानेही पीएच 4.0 किंवा त्याखाली असेल तरच चालतं. माझं ठाम मत आहे की लक्ष्य 4.2 च्या आतलं ठेवावं. मिरचीची बॅच बदलते, आणि 4.55 वर आखलेली पाककृती एखाद्या दिवशी रेषा ओलांडणारच. व्हिनेगरची टक्केवारीही लिहून ठेवा, 4 टक्क्यांचं आणि 5 टक्क्यांचं एकाच मापाने घातलं तर निकाल वेगळा येतो. या नोंदी 3 वर्षं जपाव्या लागतात.

किती तापमानाला भरायचं, किती वेळ ठेवायचं, हे 'प्रोसेस अथॉरिटी' म्हणजे या विषयातला पात्र तज्ज्ञ लेखी ठरवून देतो. चिंचेची चटणी मुळात आंबट म्हणून सुटेल असं गृहीत धरू नका. खजूर जास्त पडला की हिशेब बदलतो. तेही त्यालाच ठरवू द्या.

घटकांमध्ये घात करणारा पहिला म्हणजे हिंग. आपल्याकडचा बांधणीचा हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात बांधलेला असतो. चिमूटभर घातला तरी लेबलवर गहू यायलाच हवा. सोया सॉसमध्येही बहुधा सोयाबीन आणि गहू दोन्ही असतात. तीळ 1 जानेवारी 2023 पासून नववा प्रमुख अ‍ॅलर्जन, म्हणजे लेबलवर सांगावाच लागणारा अ‍ॅलर्जीकारक घटक, झाला आहे. मोहरी अमेरिकेच्या यादीत नाही, पण कॅनडा, ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या यादीत आहे, तेव्हा तेच लेबल तिकडे चालणार नाही. मोहरीचं तेल मात्र अमेरिकेत खाद्यतेल म्हणून मान्यच नाही. लाल रंगासाठी आपल्याकडे मान्य असलेले पॉन्सो 4आर आणि कार्मोइसिन तिथे चालत नाहीत. पिवळा टार्ट्राझिन चालतो, पण त्याची ती विशिष्ट बॅच एफडीएने प्रमाणित केलेली असावी लागते. नुसतं 'आयएनएस 211' लिहून भागत नाही, सोडियम बेंझोएट हे नाव आणि ते टिकवण्यासाठी घातलंय हेही लिहायचं, प्रमाण 0.1 टक्क्यापर्यंत.

लेबलवर सर्व्हिंगचं माप मनाने ठरवता येत नाही. तिखट हॉट सॉसला 1 टीस्पून, बुडवून खायच्या सॉसला 2 टेबलस्पून. या फरकाने पोषणाचा सगळा तक्ता बदलतो.

आयातदार कोण, हेही कागदापुरतं ठरवू नका. बरेच जण न्यू जर्सीतल्या भाच्याचं नाव घालून मोकळे होतात. एफएसव्हीपी या परदेशी पुरवठादारांविषयीच्या नियमाखाली पुरवठादाराची पडताळणी ही त्याची कायदेशीर जबाबदारी आहे आणि तपासणीची नोटीसही त्यालाच येते. त्याला न सांगता हे ओझं त्याच्या डोक्यावर ठेवणं अन्यायाचं आहे.

माल पोचण्याआधीची सूचना एफडीएला विमानाला 4 तास आणि जहाजाला 8 तास आधी गेलीच पाहिजे. अडवल्याची नोटीस आली की उत्तराची मुदत त्यातच लिहिलेली असते. माल नाकारला तर 90 दिवसांत परत न्यायचा किंवा नष्ट करायचा. इम्पोर्ट अलर्टच्या यादीत नाव गेलं, तर पुढच्या खेपा न तपासताही अडवता येतात आणि माल निर्दोष असल्याचं तुम्हालाच स्वखर्चाने दाखवावं लागतं.

म्हणून आधी पाककृती ग्रॅममध्ये लिहा, नमुना प्रोसेस अथॉरिटीकडे पाठवा, एफसीई आणि एसआयडी हातात घ्या, मगच लेबलचं डिझाइन करा. पहिल्या खेपेत एकच सॉस आणि एकच माप ठेवा. सहा प्रकार एकत्र भरले आणि एकाच्या कागदात खोट निघाली, तर बाकीचे पाचही त्याच कंटेनरमध्ये बसून राहू शकतात आणि बंदराचं भाडं सगळ्यांवर चढतं.